चित्रांच्या गोष्टीतून आरोग्य सांगायचं म्हणजे काय: आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला आम्ही पाच-सहा जण मिळून वस्त्यांमध्ये चित्रगोष्टी घेऊन जातो. जुलाब, टीबी, रक्त कमी असणं, डेंग्यू, कुत्रं चावणं असले विषय. गणपतीत मंडळात कुणी ना कुणी भेटतं आणि तेच ते प्रश्न विचारतं, पुण्या-नागपूरचे नातेवाईक फोनवर विचारतात, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू. क्रम वगैरे लावलेला नाही, जसे प्रश्न आठवले तशी उत्तरं.

तुम्ही नक्की करता काय?

एक गोष्ट, सहा ते आठ चित्रं, प्रत्येक चित्र एका मोठ्या कागदावर. आमच्यातली एक जण अंगणवाडीच्या ओट्यावर नाहीतर कुणाच्या दारात बसते, चित्र समोर धरते आणि बायकांना विचारते, बाई हे काय चाललंय सांगा. बस, एवढंच. बोलायचं त्यांनी, आपण मध्ये मध्ये हूं हूं करायचं आणि कुठे चुकीचं जायला लागलं तर पुढचं चित्र काढायचं. शेवटी त्याच गोष्टीचा छोटा झेरॉक्स कागद घरी न्यायला देतो.

मूसाखेडी, बाणगंगा, खजराना या बाजूला जास्त जाणं होतं, आणि शहराबाहेरच्या बांधकामांवर, जिथे झाबुआ-अलीराजपूरकडून आलेली भील कुटुंबं राहतात. अलीराजपूर २०११ च्या जनगणनेत देशातला सगळ्यात कमी साक्षरतेचा जिल्हा होता, साधारण ३६ टक्के. म्हणजे सात वर्षांवरच्या तीन माणसांत जेमतेम एकाला वाचता येत होतं. ही माणसं इंदूरच्या सोसायट्या बांधून राहिली आहेत आणि आपण त्यांच्या हातात बारीक टायपातलं शुद्ध हिंदीतलं पत्रक देतो, ज्यात 'संक्रमण' आणि 'निर्जलीकरण' लिहिलेलं असतं. त्या पत्रकात मग शेव बांधली जाते. योग्यच आहे.

चित्र तर कुणालाही कळतं, त्यात एवढं शिकण्यासारखं काय?

आम्हालाही असंच वाटायचं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, माझं तर पक्कं मत होतं की अक्षर शिकावं लागतं, चित्र शिकावं लागत नाही. पहिल्या दोन महिन्यांत ते मत गेलं.

पहिलाच कागद डेंग्यूचा. कूलरमध्ये साठलेलं पाणी, त्यावर मोठ्ठी लाल फुली. एक आजी म्हणाल्या, हे निवडायचं. मी म्हटलं निवडायचं कसं, तर म्हणाल्या ठप्पा तर लावलाय ना. नीट विचार केला तर त्यांचंच बरोबर, मतपत्रिकेवर आपण शिक्का मारायचो तो ज्याला निवडायचं त्याच्यावर! फुली म्हणजे 'नको' हे आपण शाळेत गणिताच्या वहीत शिकलो, ज्यांनी वहीच पाहिली नाही त्यांना कुठून कळणार.

मग अशा गोष्टींची यादीच झाली. बाण दाखवला की लोकांना बाणच दिसतो, धनुष्यबाणाचा, 'इकडून तिकडे' हा अर्थ नाही दिसत. बोलण्याचा फुगा काढला तर डोक्यातून धूर निघतोय म्हणतात. नुसता हात काढला, साबण लावताना, मनगटापर्यंत, तर एका बाईने विचारलं याचा हात कसा तुटला. डास नीट दिसावा म्हणून हाताएवढा काढला तर हसून म्हणतात आमच्याकडे एवढे मोठे नसतात, मग आपल्याला काय भीती. हा डासाचा किस्सा तर आरोग्यशिक्षणाच्या ट्रेनिंगमध्ये जगभर सांगतात, आम्हाला तो ऐकीव वाटायचा, पण खजरान्यात आमच्याच समोर घडला.

नेपाळमध्ये १९७६ साली युनिसेफच्या कामात फसेल आणि हालँड या दोघींनी गावोगाव जाऊन हेच तपासलं होतं. एकाच वस्तूचं वेगवेगळ्या पद्धतीनं काढलेलं चित्र दाखवायचं आणि हे काय आहे विचारायचं. थोडी छटा दिलेलं साधं रेखाचित्र लोकांनी चांगलं ओळखलं, आणि जे चित्र चित्रकाराने 'सोपं' करून, बारकावे गाळून, नुसत्या आकारांत बसवलं होतं ते सगळ्यात मागे पडलं. म्हणजे शिकलेल्या माणसाला जे सोपं वाटतं ते न शिकलेल्याला सोपं असेलच असं काही नाही. काड्यांची माणसं काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

गोष्टच कशाला? सरळ 'हे करा, हे करू नका' सांगितलं तर लवकर नाही होणार?

लवकर होईल, पण राहणार नाही. 'हात धुवा' हे ऐकलेलं नाही असा माणूस इंदूरात सापडणार नाही, स्वच्छतेची गाणी तर सकाळी कचरागाडीवर वाजतात. अडतं वेगळ्याच जागी. पाणी टँकरचं, साबण सासूच्या ताब्यात, मूल रडतंय, नवरा म्हणतो झाडफूक करून ये. गोष्टीत हे सगळं येतं, सूचनेत येत नाही.

आणि गोष्टीत चूक करायला जागा असते. मेक्सिकोत १९७० च्या दशकात मिगेल साबिदो नावाच्या माणसाने टीव्ही मालिकांमधून साक्षरता, कुटुंब नियोजन असे विषय मांडले, त्याची पद्धत अशी की एक पात्र चांगलं वागणारं, एक वाईट, आणि एक मधलं, आपल्यासारखं, आधी चुकणारं आणि हळूहळू सुधारणारं. लोक त्या मधल्याला धरून चालतात. आम्ही आमच्या गोष्टीत त्या मधल्या बाईलाच जास्त चित्रं देतो. डॉक्टर हिरो असलेली गोष्ट डॉक्टरांना आवडते, बाकी कुणाला नाही.

आमची झिंकच्या गोळीची गोष्ट बघा. लहान मुलाला जुलाब झाले की ओआरएससोबत झिंक १४ दिवस द्यायचं असतं, पण मूल तिसऱ्या दिवशी खेळायला लागलं की आई गोळ्या बंद करते. आमच्या गोष्टीत आई गोळ्यांची पट्टी फळीवर ठेवून देते, आणि सासू, जी पहिल्या चित्रात गोळ्यांना नाक मुरडत होती, तीच ती पट्टी खाली काढते आणि म्हणते, पैसे नाही दिले म्हणून काय टाकून द्यायच्या? या चित्रावर प्रत्येक वस्तीत हशा होतो, आणि हशा झाला की ते चित्र लक्षात राहतं, आम्हाला अनुभव आहे.

मोठ्या माणसांना हे बालिश नाही वाटत?

आपल्या घरी श्रावणात जिवतीचा कागद लावतात की नाही? चार खण. नरसिंह, कालियामर्दन, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, आणि हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. माझ्या आजीला सही करता येत नव्हती पण तो कागद ती आम्हाला बोट ठेवून वाचून दाखवायची. आणि विषय काय तर मुलं जगावीत! चार खणांची, मुलांच्या जिवाची काळजी करणारी चित्रगोष्ट आपल्या प्रत्येक देवघरात होतीच की, बालिश कुणाला वाटली?

इंदूरचंच बोलायचं तर अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चालते देखावे. कापडगिरण्या कधीच्या बंद पडल्या तरी गिरणी कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत, रात्रभर लाखो माणसं रस्त्यावर उभी राहून कृष्ण, राम, भस्मासूर बघतात, एक अक्षर न वाचता सगळी गोष्ट कळते. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, रोज नवा आकार, सोळा दिवस. पिंगुळीचे चित्रकथी, बंगालचे पटुआ, हे तर धंदाच चित्र दाखवून गोष्ट सांगायचा करायचे, आणि बंगालच्या पटुआंनी पुढे एचआयव्हीवरचे पटही रंगवले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ ला, देशात वाचता येणारे पाचात एकही धड नव्हते, चिन्हांवरच मतदान झालं. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण तर साठीच्या दशकापासून भिंतीभिंतीवर आहे.

बालिश वाटतं ते कार्टूनसारखे मोठे डोळे आणि गोबरे गाल काढले की. माणसं माणसांसारखी काढा, कुणी काही म्हणत नाही.

किती चित्रं असावीत? आणि लोकांना कुठून वाचायचं ते कसं कळतं?

आठाच्या वर गेलात तर चहा येतो आणि गोष्ट संपते. सहा बरी.

क्रमाचं मात्र खरंच डोकं खातं. आपण डावीकडून उजवीकडे जातो कारण आपली देवनागरी तशी जाते. खजरान्यात ज्या वयस्क बायकांनी लहानपणी थोडं उर्दू-अरबी वाचलंय त्या उजवीकडून सुरू करतात, म्हणजे गोष्टीत मूल आधी बरं होतं आणि मग आजारी पडतं. आणि जिने काहीच वाचलेलं नाही ती जिथे मोठा चेहरा दिसेल तिथून सुरू करते. म्हणून दाखवताना एका कागदावर एकच चित्र, आणि घरी न्यायच्या कागदावर चित्रं एकाखाली एक, वरून खाली. वर-खाली सगळ्यांना सारखंच असतं, पाणी खालीच पडतं.

आणखी एक, पात्राचे कपडे बदलू नका. साडी बदलली की ती दुसरी बाई झाली. आमच्या गोष्टीत शारदा नावाची बाई पंधरा दिवस एकाच ठिपक्यांच्या लुगड्यात असते, एकीने विचारलंच, हिच्याकडे एकच आहे का? आम्ही म्हटलं हो, गरीब आहे. आता तिची सगळ्यांना दया येते, पण गोंधळ कुणाचा होत नाही.

फोटो का नाही वापरत? मोबाईलमध्ये तर फुकट निघतो.

फोटोत फार काही येतं. मागची भिंत, बादली, कुत्रं, कुणाचा तरी शर्ट. लोक कुत्र्याबद्दल बोलत बसतात. मागचं सगळं कापून नुसतं माणूस ठेवलं तर फोटो चालतो, नेपाळच्या कामातही असा कापलेला फोटो आख्ख्या फोटोपेक्षा बरा ठरला होता.

दुसरं म्हणजे ओळखीचा चेहरा. टीबीच्या गोष्टीत वस्तीतल्याच बाईचा फोटो लावला तर उद्या तिच्या पोरीच्या सोयरिकीत ते निघतं. तिने हो म्हटलं तरी आम्ही नाही म्हणतो.

दिवस, तास, मापं हे चित्रात कसं दाखवायचं?

हा सगळ्यात अवघड भाग, आणि सगळ्यात मजेचा पण.

घड्याळ काढू नका. सकाळ-रात्र सूर्य-चंद्राने दाखवतात, ते ठीक, पण चंद्र काढला की चतुर्थी आठवणाऱ्या बायका आहेत, चंद्र बघून मग गोळी घ्यायची का असं खरंच विचारलंय. त्यापेक्षा सकाळ म्हणजे चूल पेटलेली आणि चहाचं पातेलं, रात्र म्हणजे अंथरूण घातलेलं. कामाने वेळ दाखवा.

महिने सणांनी. 'सहा महिने फक्त आईचं दूध' हे दाखवायला सहा चंद्र काढून बघितले, कुणाला काही कळलं नाही. मग गोष्टीत बाळ राखीला जन्मलं, आणि वाटीतली मऊ खिचडी त्याच्यासमोर आली शिवरात्रीच्या सुमारास. लगेच बोटांवर मोजून झालं.

चौदा दिवस म्हणजे चौदा कोरे गोल, रोज गोळी दिली की कोळशाने एक काळा करायचा. हे आमचं डोकं नाही, दूधवाल्याच्या हिशोबाच्या भिंतीवरच्या रेघा बघून सुचलं.

मापांचं सांगते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पण बाजारात २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, आणि 'लोटा' प्रत्येक घरी वेगळा. पाकीट जास्त पाण्यात गेलं तर उपयोग कमी, कमी पाण्यात गेलं तर मीठ जास्त होऊन मुलाला धोका. म्हणून आम्ही स्टेशनवर मिळते ती पाण्याची बाटली काढतो, एक लिटरची, सगळ्यांच्या घरी रिकामी पडलेली असते. पाकीट नसेल तर सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एक बाटली स्वच्छ पाणी. चमचा चहाचा, आणि 'सपाट' दाखवायला चमच्यावरून बोट फिरवतानाचं वेगळं चित्र लागतं. बनवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं, ते चुलीवरून चुलीवर दाखवलं, आज सकाळी चहा करताना बनवलं, उद्या चहाच्या वेळी उरलेलं ओतून टाकलं.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या बायकांनी १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघरी जाऊन मूठभर गूळ आणि चिमूटभर मीठ असं बोटांच्या मापाने हे पाणी शिकवलं, साधारण सव्वा कोटी घरांत. त्यांचं माप हातातच होतं, आम्हाला बाटली शोधावी लागली.

भाषा कुठली ठेवता? तुम्ही तर मराठी.

गोष्ट सुचते मराठीत, बोलताना होते हिंदी-माळवी. भिलीत बोलायचं असेल तर त्यांच्यातलीच कुणी मुलगी शोधतो, आम्ही भिली बोललो की लोक आरोग्य सोडून आमच्यावर हसतात. कागदावर एका चित्राखाली एकच ओळ, हिंदीत, मोठ्या अक्षरात. तुम्ही म्हणाल वाचताच येत नाही तर ओळ कशाला? घरात चौथीतला पोरगा असतो ना, तो वाचतो.

इंदूरच्या आपल्या लोकांना दोन्हीकडची भाषा येते म्हणून गाफील राहायला होतं. पुण्याची माझी मावसबहीण एकदा सोबत आली, बायका म्हणाल्या 'बच्चे को दस्त लगे हैं', तर ही मला हळूच विचारते, कसली रजिस्ट्री करायची आहे ग यांना?

लोकांना समजलं की नाही हे कसं तपासता?

'समजलं का?' असं विचारायचं नाही. याला उत्तर एकच, हो. पाहुण्याला कुणी नाही म्हणतं का.

विचारायचं असं: हे काय दिसतंय? ही बाई काय करून राहिली आहे? का? पुढे काय होईल? तुमच्या घरी असं झालं तर? आणि गप्प बसायचं. गप्प बसणं आमच्यातल्या निवृत्त मास्तरांना सगळ्यात जड गेलं. आठ-दहा जणींना एकेकट्याने विचारायचं, घोळक्यात नाही, कारण घोळक्यात जी पहिली बोलते तेच सगळ्यांचं उत्तर होतं. मग बदल करायचा आणि नव्या आठ-दहा जणींना दाखवायचं, जुन्यांना नाही, त्यांना उत्तर माहीत झालेलं असतं. तीन फेऱ्या होतात सरासरी. डासाच्या कागदाला सात लागल्या.

सुरक्षेच्या चिन्हांसाठी आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची जी चाचणी आहे तिच्यात १०० पैकी ६७ जणांना अर्थ लागला की चिन्ह पास, अमेरिकेच्या तशाच संस्थेच्या, एएनएसआयच्या, चाचणीत ८५ लागतात आणि त्यात आणखी एक अट आहे जी मला फार आवडते: अगदी उलटा, धोक्याचा अर्थ काढणारे पाच टक्क्यांहून जास्त नकोत. आम्ही तर त्या बाबतीत एकही चालवून घेत नाही. दहातल्या तिघींना चित्र कळलं नाही तर चालेल, त्या विचारतील, पण एकीला उलटं कळलं तर ती घरी जाऊन तेच करणार.

तुमचं कधी असं उलटं झालंय?

झालंय ना. ओआरएसच्याच कागदात तिसऱ्या चित्रात भरलेली बाटली, चौथ्या चित्रात हसणारं मूल आणि बाजूला रिकामी बाटली. आम्हाला म्हणायचं होतं की दिवसभरात थोडं थोडं पाजलं. एक आई म्हणाली, सगळी एकदम पाजली म्हणून बरा झाला. पोटात गोळाच आला माझ्या. बरं हे चाचणीतच सापडलं, छापलं नव्हतं. आता मध्ये चार चित्रं आहेत, वाटी-चमचा, मूल उलटी करतंय, आई थांबलीय आणि चुलीवर भाकरी भाजतेय म्हणजे दहाएक मिनिटं गेली, मग पुन्हा चमचा चमचा. बाटली प्रत्येक चित्रात थोडी थोडी उतरते.

दुसरं छपाईत झालं. रक्तवाढीच्या गोळ्या गरोदर बाईला लाल, रोज, आणि किशोरवयीन मुलींना निळी, आठवड्यातून एकदा. आम्ही अगदी प्रेमाने रंगीत काढलं आणि एका दुकानदाराने स्वस्तात करतो म्हणून ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढून दिले, पाचशे कागद, लाल पण करडी आणि निळी पण करडी. चूक आमचीच, एक कॉपी आधी बघायला हवी होती. ते पाचशे कागद अजून आहेत, पाठकोरे, मुलं त्यावर चित्रं काढतात.

डॉक्टर लागतोच का टीममध्ये?

लागतो, पण चित्र काढायला नाही, तपासायला. आमचे डॉक्टर पहिल्यांदा प्रत्येक कागदावर बारा मुद्दे द्यायचे, आणि सगळे महत्त्वाचे. आम्ही विचारतो, यातलं एकच सांगायचं असेल तर कुठलं? मग ते पाच मिनिटं गप्प बसतात. कुत्रं चावण्याच्या कागदात शेवटी उरलं ते असं की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, तिखट-चुना-हळद काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सुईसाठी जायचं. १५ मिनिटं कशी दाखवली विचाराल तर हापशावर दोन बायकांनी आळीपाळीने हापसलं, दुसरी हापसताना पहिलीची कळशी भरलेली, मागे आणखी चार भरलेल्या.

भीती घातली तर लोक लवकर ऐकतात ना?

घाबरतात लवकर. कवटी आणि सडलेला पाय बघून लोक नजर फिरवतात, आणि ज्याला खरंच साखरेमुळे पायाला जखम आहे तो घरी जाऊन पाय लपवतो. भीती दाखवलीत तर त्याच कागदावर तिच्यातून बाहेर पडायची वाट पण दाखवा, आणि ती त्याला परवडणारी असली पाहिजे.

खरी भीती कुठली ते लोकांनाच विचारलेलं बरं. लोहाच्या गोळीने संडास काळी होते, त्याने बायका घाबरतात आणि गोळ्या सोडतात, हे आम्हाला कागद झाल्यावर कळलं. आता गोष्टीत शारदा तेच जावेच्या कानात सांगते आणि जाऊ म्हणते, माझीपण झाली होती, काही होत नाही. आणि हो, गोळी चहासोबत घ्यायची नाही. इंदूरात हे सांगणं म्हणजे पाप, सकाळी पोहे आणि चहा नाही तर दिवस कसा उगवणार, तर आमचा तोडगा असा की पोह्यावर लिंबू पिळा, त्याने लोह उलट चांगलं अंगी लागतं, आणि चहा जरा मागे ढकला.

लाजेच्या विषयांचं काय? पाळी, नसबंदी वगैरे?

चित्र असलं की बाई 'मला' म्हणत नाही, 'हिला' म्हणते. शारदाला असं होत असेल, शारदाचा नवरा ऐकत नसेल. आम्हाला सगळं कळतं ती कुणाबद्दल बोलतेय, आम्ही पण शारदाबद्दलच बोलतो.

याने खरंच फरक पडतो याला काही पुरावा आहे का, की नुसता उत्साह?

योग्य प्रश्न. अमेरिकेत हाउट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तोवरचे अभ्यास एकत्र करून बघितले, चित्र आणि सोबत साधे शब्द असले की लक्ष, समज, आठवण सगळं सुधारतं, आणि कमी शिकलेल्यांना त्याचा फायदा जास्त. पण चित्र एकटं टांगलं आणि निघून गेलात तर भरवसा नाही.

त्याहून मोठं उदाहरण आपल्याच देशातलं, झारखंड-ओडिशातलं. एकजुट संस्थेने आदिवासी गावांत बायकांच्या महिन्याच्या बैठका घेतल्या, त्यात चित्रकार्डं, गोष्टी, खेळ, आणि बायकांनीच ठरवायचं की आपल्या गावात काय करायचं. २०१० साली लॅन्सेटमध्ये निकाल छापून आला, तीन वर्षांत त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी. आता हे चित्रांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, बैठकांमुळे झालं, पण बैठकीत बोलायला काहीतरी समोर लागतं ना, आमच्या ओट्यावर चित्र तेच काम करतं. जो कागद बघून बायका आपसात भांडतात तो आमचा चांगला कागद. जो बघून सगळ्या माना डोलावतात तो परत काढायला घेतो.

मला चित्रं काढता येत नाहीत, मग?

मग वस्तीतल्या मुलांना द्या काढायला. दिल्लीच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाचे शरद शर्मा कितीतरी वर्षं हेच शिकवतात, साध्या माणसांनी चार खणांत आपली गोष्ट काढायची, काळ्या पेनने, झेरॉक्स करायची आणि चहाच्या टपरीवर चिकटवायची. तिथल्या पोरीने काढलेल्या चित्रात चूल बरोबर जागी असते, माझ्या चित्रात ती पहिल्यांदा उभ्या ओट्यावर होती.

झाबुआकडच्या मुलींचा हात तर काय सांगू. पिथोराच्या, म्हणजे घरात देवासाठी रंगवलेल्या चित्रांच्या, भिंती बघून मोठ्या झालेल्या. त्याच मातीतल्या भील चित्रकार भूरीबाईंना २०२१ ला पद्मश्री मिळाली.

एआयने नाही करता येत? पाच मिनिटांत होईल.

करून बघितलं. बाई प्रत्येक चित्रात वेगळी, नाकात नथ कधी डावीकडे कधी उजवीकडे, झोपडीत संगमरवरी फरशी, आणि ओआरएस चमच्याऐवजी कॉकटेलच्या ग्लासात. कच्चा आराखडा काढायला, कोण कुठे उभं राहील हे बघायला ठीक आहे, पुढचं हाताने. उद्या सुधारेल म्हणतात, सुधारू दे, ओट्यावर नेऊन विचारायला तर लागेलच.

व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर चालेल?

चालतं, दोन अटींवर. एक, चित्रं सुटी पाठवू नका, क्रम उलटापालटा होतो आणि एखादंच चित्र पुढे जातं, 'चुकीचं' दाखवणारं नेमकं तेच जातं. एकाच उभ्या चित्रात सगळं. दोन, सोबत एक मिनिटाचा आवाज, त्यांच्या बोलीत. फोन बहुतेक नवऱ्याचा असतो, म्हणजे ऐकणार तोच, हे धरून गोष्टीत त्याच्यासाठी पण एखादं काम ठेवा, नुसतं रागावणं नको.

खर्च किती येतो?

फार नाही. झेरॉक्स, लॅमिनेशन, पेट्रोल. दाखवायचे कागद लॅमिनेट केलेले चकाकतात आणि उन्हात काही दिसत नाही, तेव्हा मॅट घ्या नाहीतर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. पाठीमागे आपल्यासाठी प्रश्न लिहून ठेवायचे. सरकारी योजनांच्या रकमा चित्रात टाकू नका, बदलत राहतात, कागद वाया जातो.

आमच्या कॉलनीत सुरू करायचं तर पहिलं पाऊल?

विषय तुम्ही ठरवू नका. तुमच्याकडे कामाला येतात त्या ताई, कॉलनीचा चौकीदार, समोरच्या साइटवरची बाई, यांच्याशी बसा आणि मागच्या वर्षी घरात कोण कशाने आजारी पडलं ते ऐका, वही न काढता. आम्ही टीबीपासून सुरू करणार होतो, मूसाखेडीत बसल्यावर कळलं की त्यांना आधी कुत्र्यांचं बोलायचं होतं. मग एक कागद, पेन्सिलीनेच, खोडरबर सोबत ठेवून घेऊन जा, छापू वगैरे नका. आशाताईंना आधी भेटा, त्यांच्याकडे स्वतःच्या फ्लिपबुक असतात आणि लोक त्यांनाच ओळखतात, तुम्ही दोन महिन्यांत कंटाळून गेलात तरी त्या तिथेच असतात.

आमचे कागद हवे असतील तर खुशाल घ्या, फक्त शारदाची साडी तुमच्याकडच्या पद्धतीने नेसवा, आणि बाटली तपासून घ्या.